वैजनाथअण्णांची सही

वैजनाथअण्णा कार्यालयात आल्यावर हेल्मेट काढत नसत. स्कूटर खाली लावायची, दोन जिने चढायचे, खुर्चीत बसून संगणकाचं बटण दाबायचं, आणि पडदा उजळेपर्यंत हेल्मेट घालूनच समोर पाहत राहायचं. पडदा उजळला की मग पट्टा सुटायचा. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांना कारण विचारलं.

"मशीन उठलीच न्हाई तर सामान आणायला परत खाली जावंच लागतंय की. मग काढून कामून ठिवायचं?"

अकरा वर्षांत यंत्र किती वेळा सुरू झालं नव्हतं, हेही मी विचारलं. "दोनदा," ते म्हणाले. दोन वेळांसाठी अकरा वर्षं, रोज चार मिनिटं. हा हिशेब मी त्यांच्यापुढे मांडला तेव्हा त्यांनी समाधानाने मान डोलावली.

"व्हय. दोनदा कामाला आलं."

त्यांच्याशी झालेला माझा प्रत्येक वाद पुढे याच वळणाने गेला. मी आकडे मांडायचे आणि त्याच आकड्यांतून त्यांनी स्वतःची बाजू सिद्ध करून घ्यायची.

बिदरमधलं आमचं कार्यालय पाच माणसांचं होतं. हैदराबादच्या एका स्टुडिओची ती शाखा. सिनेमाच्या पडद्यावर दिसणारी आग, धूर, पूर, ढासळणारे बुरूज आता बहुतेक संगणकावर घडतात, आणि दोन मिनिटांचा धूरसुद्धा डिस्कच्या डिस्क भरून टाकतो. हा पसारा आवळून लहान करणारं, आणि हवा तेव्हा एक कणही न गमावता पुन्हा उलगडणारं एक सॉफ्टवेअर स्टुडिओकडे होतं. ते पूर्वी एकाच तऱ्हेच्या यंत्रासाठी लिहिलेलं होतं. आता कलाकारांपुढे तीन तऱ्हांची यंत्रं होती आणि सॉफ्टवेअर तिन्हींवर चालायला हवं होतं. त्यासाठी लागणारे बदल मी करायचे आणि तपासून सही वैजनाथअण्णांनी करायची, अशी वाटणी होती. माझ्याकडे भौतिकशास्त्राची एम.एस्सी. होती. त्यांच्याकडे लग्नाच्या व्हिडिओंचा अनुभव होता.

हे शेवटचं वाक्य त्या काळात मी मैत्रिणींना फोनवर फार उपहासाने ऐकवत असे.

पण ते अक्षरशः खरं होतं. कार्यालयात येण्यापूर्वी अण्णांचा मिक्सिंगचा स्टुडिओ होता. नवरा-नवरीला गुलाबाच्या फुलात बसवायचं, अक्षतांच्या जागी चांदण्या पाडायच्या, वरातीतल्या घोड्याला ढगांतून चालवायचं, आणि मग सहा तासांचं ते लग्न मावेल तितक्या डिस्कांत कोंबायचं, हा त्यांचा धंदा. आवळण्याची विद्या ते तिथेच शिकले. कुणी शिकवली नाही. त्या दिवसांतला एक प्रसंग ते मला वारंवार ऐकवत, कारण तो माझ्या गावचा, राजेश्वरचा होता.

राजेश्वरच्या एका लग्नाची डिस्क त्यांनी मुलाकडच्यांना दिली. घरच्यांनी ती हळदकुंकू लावून देवघरात ठेवली आणि तिथून हलवायची नाही असं ठरवलं. पाहुण्यांनी मागितली तर द्यायची कशी? म्हणून तिची एक नक्कल काढली. ती चुलत्याने नेली. चुलत्याच्या नकलेवरून आत्याने काढून घेतली, आत्याच्या नकलेवरून तिच्या व्याह्यांनी. प्रत्येक घरचा प्लेअर निराळा, त्यामुळे प्रत्येक गावचा दुकानदार ती आपल्या पद्धतीने नव्याने आवळून द्यायचा. सहाव्या घरी पोचेपर्यंत नवरदेवाच्या तोंडाच्या जागी चौकोन उरले. ते घर नवरीच्या नात्यातलं; तिथले लोक भांडायला आले. आमच्या जावयाचं तोंड मुद्दाम पुसलं, असा त्यांचा आरोप.

अण्णांनी स्कूटर काढली आणि त्या सहाही घरी जाऊन, सहाही टीव्हींपुढे बसून, ते लग्न पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं.

"मग चूक कोणाची निघाली?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं.

"कुणाचीच न्हाई. सहा घरी थोडं-थोडंच गेलं व्हतं. कुणाचीच चूक न्हाई, अन् नवरदेवाला तोंडच न्हाई."

मी तेव्हा हसले होते. सहा लग्नं पाहण्याऐवजी नकला काढण्याचा क्रम विचारून अर्ध्या तासात उत्तर काढता आलं असतं, असंही म्हटलं होतं. "आलं असतं," ते म्हणाले. "पन बघितल्याबिगर कसं म्हनायचं?"

बघितल्याबिगर ते काहीच म्हणत नसत, हीच अडचण होती. मी काढलेले आलेख ते पाहायचे नाहीत. दोन यंत्रांच्या उत्तरांतला फरक मी एका रेषेत दाखवला, तर ते म्हणायचे, "रेघ नको, आकडे दे." आकडे कागदावर छापून घ्यायचे, त्यावर पोरांची एक फूटपट्टी ठेवायची आणि एकेक ओळ खाली सरकवत वाचायचे. डाव्या हाताने पट्टी, उजव्या हाताने भाकरी. जेवणाच्या सुट्टीतही काम चालू, त्यामुळे कागदांवर पुंडीच्या, म्हणजे अंबाडीच्या, भाजीचे हिरवट डाग. एखादी ओळ खटकली की तोंडातला घास संपायच्या आत प्रश्न यायचा: "ह्ये असं कामून?" मी उत्तर द्यायचं. "अन् ते तसं कामून?" मी त्याचंही उत्तर द्यायचं. तिसऱ्या "कामून"ला माझ्याकडे बहुधा उत्तर नसायचं, आणि ते त्यांना आधीपासून ठाऊक असायचं.

यंत्रांची त्यांनी नावं ठेवली होती. सगळ्यात जुनं यंत्र थोरली. दुसरं मधली. आणि नवीन तऱ्हेच्या प्रोसेसरचं, माझ्या हट्टावरून स्टुडिओने पाठवलेलं तिसरं यंत्र म्हणजे नवी सून.

"हिला आपल्या घरची रीत शिकवावी लागंल," पेटी उघडतानाच ते म्हणाले.

"अण्णा, ती थोरलीपेक्षा चौपट हुशार आहे. घराने तिची रीत शिकावी."

"हुशार सुना तसंच म्हनतात," असं म्हणून ते स्वतःच पुष्कळ वेळ हसले. मला मुळीच हसू आलं नाही. माझा सगळा भविष्यकाळ त्या पेटीत होता.

हैदराबादच्या संशोधन गटात एक जागा रिकामी होती. गटाच्या प्रमुख रेवतीमॅडम यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं: नव्या यंत्रावर आपलं सॉफ्टवेअर जो ठरल्या सोमवारपर्यंत, आणि वेगाने, चालवून दाखवील त्याचा विचार आधी होईल. मैसूरकडची दुसरी एक तुकडी दुसऱ्या सॉफ्टवेअरवर असंच काम करत होती. म्हणजे शर्यत होती, आणि मला ती जिंकायची होती. बिदरच्या दुसऱ्या मजल्यावर आयुष्य काढायला मी विज्ञान शिकले नव्हते.

सोमवारच्या आधीच्या बुधवारी काम पूर्ण झालं. नव्या यंत्रावरचा वेग पाहून मॅडमनी फोनवर "वा" म्हटलं. त्यांच्या तोंडून हा शब्द मी तोवर ऐकला नव्हता. आता फक्त अण्णांची सही उरली होती.

शुक्रवारी दुपारी डबा उघडता उघडता ते म्हणाले, "प्रज्ञा, ह्ये बघ. अकराशे त्र्याहत्तरावं चित्र. कडब्याची गंजी जळायलीय न्हवं, तिच्या वरच्या धुरात. एक ठिपका हुकलाय."

"कितीने?"

"एकानं."

राखाडी रंगाच्या पासष्ट हजार छटा, त्यांतल्या एका छटेने, एका चित्रातल्या लाखो ठिपक्यांपैकी एक ठिपका. थोरलीवर आवळलेलं चित्र नव्या सुनेवर उलगडल्यावर एवढा फरक येत होता. कारण मी तासाभरात शोधलं आणि त्याचा मला अभिमानही वाटला. आमचं सॉफ्टवेअर शेजारच्या ठिपक्यांवरून पुढच्या ठिपक्याचा अंदाज करतं आणि अंदाज जेवढा चुकला तेवढंच साठवून ठेवतं. उलगडणाऱ्या यंत्राने नेमका तोच अंदाज करायला हवा, म्हणजे साठवलेली चूक त्यात मिळवून मूळ ठिपका परत मिळतो. जुनं यंत्र गुणाकार करून थांबतं, आकड्याचं शेपूट छाटतं आणि मग बेरीज करतं. नवं यंत्र न थांबता गुणाकार-बेरीज एकदम करतं, त्यामुळे कमी छाटतं. लाखातून एखाद्या वेळी त्या छाटण्याने अंदाज एका आकड्याने इकडचा तिकडे होतो. शिवाय प्रत्येक लहान चौकटीत अंदाज नव्याने सुरू होतो, त्यामुळे चूक पसरतही नाही.

हे सगळं मी फळ्यावर मांडलं. "म्हणजे नवं यंत्र चुकत नाही, अण्णा. त्याचं उत्तर उलट जास्त खरं आहे."

"खरं कोन इचारलंय? सारखं पाहिजे."

"जुनं उत्तर कमी अचूक असलं तरी?"

"शेजारणीकडनं वाटीभर साखर आणलीस. तिची वाटी चेपलेली. परत देताना तू तुमच्या कॉलेजातलं माप घिऊन जातीस का? तिच्याच वाटीनं द्यावं लागतंय, बाई."

"साखरेचा आणि धुराचा काय संबंध? एका ठिपक्याने काय होतंय? कोणाच्या डोळ्याला दिसणार आहे तो?"

"मला दिसला की."

"तुम्हाला पट्टी लावून दिसला!"

"सही न्हाई," ते म्हणाले, आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

मी त्यांच्यादेखतच मॅडमना फोन लावला. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, जबाबदारी तू घेत असशील तर तपासनिसाच्या सहीवाचूनही मी स्वीकारीन. वेग मात्र हाच राहू दे. म्हणजे निर्णय माझ्याकडे आला. मला त्या माणसाच्या सहीची गरज उरली नाही. तरीही रविवारी सकाळी मी बिदरच्याच मैलूर भागात त्यांच्या घरी गेले. त्याचं खरं कारण एवढंच की, माझ्या अहवालातला एक रकाना कोरा दिसणार होता आणि कोरे रकाने मला सहन होत नाहीत.

दार त्यांच्या पत्नीने, सुमनअक्कांनी उघडलं. "ये माय, ये. तू तरी ती सही घिऊन जा अन् माझा नवरा मला परत दे. काल आणलंय ते लचांड. आंघोळ न्हाई, जेवणाची सुद न्हाई."

लचांड म्हणजे थोरली आणि नवी सून. कार्यालयातली दोन्ही यंत्रं अण्णांनी कुणाला न विचारता चादरीत गुंडाळून स्कूटरवर दोन खेपांत घरी आणली होती आणि दिवाणावर शेजारी शेजारी मांडली होती. स्टुडिओची मालमत्ता, लाल-पिवळ्या चादरीवर.

"अण्णा, ही यंत्रं इथे—"

"बस. सत्तेचाळीस झाल्यात. तीन राहिल्यात."

"काय सत्तेचाळीस?"

"फेऱ्या."

ते काय करत होते हे कळायला मला दोन मिनिटं लागली. त्यांनी धुराचा तो तुकडा थोरलीवर आवळला होता, नव्या सुनेवर उलगडला होता, उलगडलेला तिथेच पुन्हा आवळून थोरलीवर उलगडला होता. ही एक फेरी. मग त्यातून निघालेल्या चित्रांवर दुसरी. मी प्रत्येक यंत्र स्वतंत्रपणे तपासलं होतं आणि एकावरून दुसऱ्यावर एकदा नेऊन पाहिलं होतं. एकदाच. स्टुडिओत मात्र एक दृश्य पंधरा-वीस कलाकारांच्या हातांतून जातं. कोणाकडे हे यंत्र, कोणाकडे ते. आज पुढे, उद्या दुरुस्तीसाठी मागे. पन्नास फेऱ्या सहज होतात. ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती आणि ज्याने सहा घरी बसून एकच लग्न सहा वेळा पाहिलं होतं त्याला सुचली होती.

अक्कांनी चुरमुऱ्यांचा सुशीला आणून ठेवला. आम्ही तिघं तो खात पडद्याकडे पाहत राहिलो. एकोणपन्नास. पन्नास.

अण्णांनी मूळ चित्र एका बाजूला आणि पन्नासाव्या फेरीचं दुसऱ्या बाजूला लावलं. गंजीवरचा धूर एका बाजूला अखंड वर चढत होता. दुसऱ्या बाजूला त्यावर लहान लहान चौकोनी व्रण उठले होते, देवी येऊन गेलेल्या तोंडावर असतात तसे. पट्टीची गरज नव्हती.

"अगं बया, ह्येला काय झालं?" अक्का म्हणाल्या. त्या कधी आमच्या कार्यालयात आल्या नव्हत्या.

अण्णांनी विजयाचा सूर लावला असता तर मला भांडता तरी आलं असतं. त्यांनी विचारलं, "अजून घेतीस का सुशीला? लिंबू पिळ."

उपाय मला माहीत होता; एका ओळीचा होता. नव्या यंत्रालाही गुणाकारानंतर थांबायला, छाटायला आणि मगच बेरीज करायला भाग पाडायचं. मी तिथेच दिवाणावर बसून ती ओळ घातली. वेग चौथाईने घसरला. माझी हैदराबादची जागा ज्या आकड्यावर उभी होती तोच हा आकडा, आणि तो मी स्वतःच्या हाताने खाली आणला. पुन्हा पन्नास फेऱ्या घेतल्या. दुपारी चारला धूर मूळ धुराशी ठिपक्याला ठिपका जुळला. अण्णांनी वर्तमानपत्राच्या कडेवर पेन चालवून पाहिलं, आज तारीख किती म्हणून अक्कांना विचारलं, कॅलेंडरवर स्वतः जाऊन पाहिली, आणि सही केली.

सोमवारी मॅडमचा फोन आला. अण्णा समोरच बसले होते. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला होता.

"प्रज्ञा, बुधवारचा वेग कुठे गेला?"

मी पन्नास फेऱ्या समजावून सांगितल्या.

"ते पुढच्या आवृत्तीत बघता आलं असतं. मी तुला परवानगी दिली होती. हा हट्ट कोणाचा?"

अण्णांनी तोंड उघडलेलं मला दिसलं. त्यांनी काही म्हणण्याआधी मी म्हटलं, "निर्णय माझा आहे, मॅडम."

यात तसूभरही खोटं नव्हतं. पाठवायचं की नाही हे माझ्या हातात होतं आणि मी ठरवलं होतं. मॅडम "ठीक आहे," म्हणाल्या. आणि त्या स्वरात मला आदरासारखं काही ऐकू आलं. फोन ठेवताना मला वाटलं, अजूनही जागा मिळेल.

"खोटं कामून बोललीस?" अण्णांनी विचारलं.

"खोटं नाही. ठरवलं मीच."

"हट्ट माझा व्हता. शुक्रवारी तू 'एका ठिपक्यानं काय व्हतंय' म्हनलीस. इथंच, ह्या खुर्चीत बसून."

"अण्णा, कृपा करून यात पडू नका."

"तसं न्हाई. रेकॉर्ड चुकीचं ऱ्हायलंय."

"राहू दे! माझं आहे, मी बघेन."

"बरं," ते म्हणाले.

मी त्या मुलखात जन्मले, वाढले. तिथलं "बरं" म्हणजे केवळ ऐकू आलं असं सांगणं असतं, हे मला कळायला हवं होतं.

अर्ध्या तासाने मॅडमना, मैसूरच्या तुकडीला आणि आम्हा पाचही जणांना वैजनाथअण्णांचा मेल आला. त्यात चार वाक्यं होती. हट्ट त्यांचा होता. प्रज्ञा शुक्रवारी त्याच्या विरुद्ध होती. रविवारी पन्नासावी फेरी पाहून तिचं मत बदललं. दुरुस्तीची ओळ तिने लिहिली आणि ती निर्दोष आहे. शेवटी दोन्ही यंत्रांवरच्या निकालांची जोडपत्रं होती, आणि कोणीही मागितली नसताना रविवारची वेळ, मिनिटांसकट.

आठवडाभराने जागा मैसूरच्या मुलाला मिळाली. मॅडमनी मला सौजन्याने फोन केला. "वेगाचं मी सोडून दिलं असतं, प्रज्ञा," त्या म्हणाल्या. "पण तू म्हणालीस निर्णय माझा, आणि अर्ध्या तासात दुसरा मेल येऊन सांगतो की तो दुसऱ्याचा. मला गटात असा माणूस हवा ज्याच्या बोलण्यामागे दुरुस्तीपत्रक येत नाही."

दुरुस्तीपत्रकातला शब्द न् शब्द खरा होता.

मी अण्णांशी बोलणं बंद केलं. कागद टेबलावर ठेवायचे, उचलायचे, बस्स. आठ दिवस त्यांच्या काही लक्षात आलं नाही. नवव्या दिवशी त्यांनी काळजीने विचारलं, "घसा बसलाय का?"

मग मी सगळं सांगितलं. जागा, फोन, मॅडमचं वाक्य. ते हातातली फूटपट्टी खाली ठेवून ऐकत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू खरोखरच उतरत गेला. त्यांना इतकं वाईट वाटलेलं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता ते काहीतरी म्हणतील.

"मग मी मॅडमला अजून एक मेल करू का?"

"नको!" मी ओरडले. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामाच्या वर्गातल्या बायका जिन्यात येऊन पाहू लागल्या.

त्यानंतरचे तीन महिने मी एकाच कामाला दिले. अंदाजाचं गणित मी दशांशांतून काढून पूर्णांकांत नव्याने लिहिलं. पूर्णांकांना शेपूट नसतं. छाटण्याचा प्रश्नच उरत नाही. कोणतंही यंत्र घ्या, उत्तर तेच, आणि बुधवारचा वेगही परत आला. कोणी मागितलं नव्हतं, सोमवार ठरलेला नव्हता. हे काम घेऊन मी बेंगळुरूच्या एका संस्थेत पीएच.डी.साठी अर्ज केला आणि प्रवेश मिळाला. निघण्याच्या तीन आठवडे आधी मी ते लिखाण छापलं, एकतीस पानं, आणि अण्णांपुढे ठेवलं. संस्थेला त्यांच्या सहीशी काही देणंघेणं नव्हतं. मला मात्र ती हवी होती, आणि हवी आहे हे मी त्यांना तोंडाने सांगितलंही. "तीन आठवडे पुरतील ना, अण्णा?"

"बघू की," ते म्हणाले.

निघायच्या दिवशी मी ऑटो घेऊन आधी मैलूरला गेले. अण्णा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर माझी पानं, शिसपेन्सिल कानामागे. सोळावं पान उपडं करून ठेवलेलं दिसलं. मी आत आलेली पाहून त्यांनी तळवा वर केला, म्हणजे थांब. मी थांबले. अक्कांनी चहा दिला, वाटेसाठी शेंगांच्या चटणीची पुडी दिली, बेंगळुरूला आपली माणसं असतात का, भाकरी मिळते का, सगळं विचारून झालं. तळवा वरच होता. खाली ऑटोवाला हॉर्न वाजवू लागला. कलबुर्गीमार्गे जाणारी माझी बस कुणासाठी थांबणारी नव्हती.

"निघते, अण्णा."

"हं," ते कागदाला म्हणाले.

मी जिना उतरले. संताप आवरत ऑटोत बसले, ऑटोने गल्लीत तोंड फिरवलं, आणि वरून हाक आली.

"प्रज्ञा! ए प्रज्ञा!"

ते कठड्याला टेकून उभे होते. मी मान बाहेर काढली. शेजारच्या घरांतून दोन-तीन चेहरे खिडक्यांत आले.

"सतराव्या पानावरची एक ओळ जास्तीची हाय!"

"काम बिघडतंय का तिने?"

"न्हाई!"

"उत्तर बदलतंय?"

"न्हाई की!"

"मग?"

"मग काय? जास्तीची हाय!"

आतून अक्कांचा आवाज आला, "अहो, पोरीला जाऊ द्या की आता!"

"आणि सही?" मी ओरडून विचारलं.

अण्णांनी हातातल्या पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आधी ती ओळ काढ!"

ऑटो निघाला. गल्लीच्या टोकाला मी मागे वळून पाहिलं, तर ते पुन्हा खुर्चीत बसले होते आणि अठरावं पान डोळ्यांजवळ नेत होते.

बसमध्ये मी आधी सामान वर टाकलं. मग लॅपटॉप काढला. वाटेतलं मन्नाएखेळ्ळी गाव यायच्या आत मी सतरावं पान तीनदा वाचलं. ओळ खरोखरच जास्तीची होती.